माधवनगरचा मुका ट्रान्स्फॉर्मर

"चोर सापडलाय," लालासाहेब खर्डेकर खुर्चीत बसता बसता म्हणाले. "चोरी सिद्ध करायचं काम तेवढं तुमचं."

विजयमालाबाईंनी वाटाणे सोलणं थांबवलं नाही. साताऱ्याच्या त्यांच्या घरी तपासाची कामं घेऊन येणारे निम्मे अशील असेच उत्तर खिशात घालून येत, आणि त्याला साजेसा प्रश्न मागत. त्यांचा बाईंना मनापासून तिटकारा होता. तरी धंदा त्यांच्यावरच चालायचा.

"मग पोलिसांत जा की."

"दस्तूरसाहेब म्हणाले, तपास बाहेरच्या माणसानं करावा."

कोपऱ्यात बाईंचे धाकटे दीर केरबा बसले होते. पलटणीतून नाईक म्हणून निवृत्त झालेले. हुकूम पाळण्यात पटाईत, विचार करण्यात सावकाश. त्यांनी मान डोलावली, म्हणजे प्रकरण अजून कळलेलं नव्हतं.

लालासाहेबांनी ते लांबण लावून सांगितलं. माधवनगरला त्यांचा कारखाना. वेल्डिंगचे आणि स्टॅबिलायझरचे ट्रान्स्फॉर्मर. माल मुंबईपर्यंत जातो. "आतली लोखंडी पत्री एक इकडून, एक तिकडून, गच्च. माझ्या मालात फट दाखवा आणि हजार जोडे मारा," हे वाक्य त्यांनी दोनदा ऐकवलं.

सांगलीच्या नाथाजी लाउडस्पीकरवाल्याकडे संस्थानच्या काळातली, आवाज मोठा करणारी व्हॉल्व्हची दोन मशीनं होती. त्यांचा आवाज मधासारखा. मुंबईच्या एका स्टुडिओतल्या दस्तूरांनी तो एका जत्रेत ऐकला आणि ते तिथेच थबकले. त्यांच्या मते सगळा गोडवा आतल्या ट्रान्स्फॉर्मरचा. नव्या ट्रान्झिस्टरच्या यंत्रांतला कोरडेपणा घालवायला त्यांना तसेच ट्रान्स्फॉर्मर नव्यानं बनवून हवे होते. नाथाजीच्या एका मशीनचा ट्रान्स्फॉर्मर जळून कोळसा झाला होता. कारखान्यात तार गुंडाळणाऱ्या आबेदानं तो उलगडला, तारेचे वेढे मोजले आणि त्याबरहुकूम नवा बनवला. दुसरा, चांगला ट्रान्स्फॉर्मर ताडून पाहण्यासाठी आणून ठेवला होता, लोखंडी डबीत बंद.

"तीस वर्षांत त्या डबीच्या स्क्रूला कुणी हात लावला नव्हता," लालासाहेब म्हणाले. "मी तर नाहीच नाही."

मग दस्तूर आले. आधी नवा ट्रान्स्फॉर्मर जोडला. आवाज गोड, भरदार. मग जुना जोडला, तर पत्र्याच्या डब्यातून कुणी खोकावं तसा आवाज. खर्ज गायब, वरचे सूर फाटलेले. दस्तूरांनी मशीन बंद केलं. त्यांनी तिथल्या तिथे दोन्ही डब्यांना लाखेचं सील ठोकलं आणि शनिवारी परत येतो म्हणाले.

"उघड आहे सगळं. पाळणा हलवत बसणारी ती आबेदा असलं नामी काम करते होय? तिनं जुन्याचं आतडं नव्या डबीत घातलं आणि जुन्यात रद्दी भरली. लबाडी तरी किती सफाईची. रद्दीलाही वरून तसंच हिरवं रेशीम गुंडाळलंय, उघडून पाहणारासुद्धा फसावा."

"शनिवारी तिचं काय करणार?"

"दस्तूरसाहेबांसमोर हाकलणार. आणि सांगली-माधवनगरात पुन्हा कुणी तिच्या हातात तार देणार नाही, याचा बंदोबस्त करणार."

विजयमालाबाईंनी वाटाण्यांचं ताट बाजूला सारलं. "येते मी," त्या म्हणाल्या.

सांगलीत त्या आधी नाथाजीकडे गेल्या. कर्ण्यांच्या ढिगाऱ्यात बसून तो चहा पीत होता. चांगलं मशीन लोणंदच्या बाजारात आठवडाभरापूर्वीच वाजवलं होतं, आवाज चोख होता, आणि तिथून त्यानं ट्रान्स्फॉर्मर काढून थेट लालासाहेबांच्या हातात दिला. कारखान्यात तो ज्या कपाटात होता त्याच्या किल्ल्या दोनच, एक लालासाहेबांकडे, एक त्यांच्या जावयाकडे.

डबी कधी उघडलीत का, असं विचारताच नाथाजीनं कानाची पाळी धरली.

"आवं बाई, माझा बा सांगून गेलाय. बायकोचं मन आन् ही डबी, दोन्ही उघडू नगंस. एकदा उघडलं की पयल्यासारखं बसत न्हाई."

माधवनगरच्या कारखान्यात जावई आप्पासो भेटले. मुंबईचा डिप्लोमा, इस्त्रीचा बुशशर्ट, बोलताना नजर समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे. जुन्या लोखंडाच्या गठ्ठ्यांसाठी एवढा गोंधळ हीच त्यांना गंमत वाटत होती. पाळण्याच्या दोरीवर कारखाने चालत नाहीत, हे आपण मामांना आधीच सांगितलं होतं, असंही म्हणाले.

"टेबलावरचा हा पंखा कुरकुरतोय," बाई म्हणाल्या. "जरा स्क्रू आवळता?"

आप्पासोंनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, फिरवून पाहिला, उलट्या बाजूनं पिळला, पंख्याची जाळी पायावर पाडून घेतली आणि शेवटी एका कामगाराला हाक मारली.

"ह्यो न्हाई," केरबा हळूच म्हणाले. "ह्याला घरची कडी उघडता येत नसंल."

"वा भावजी. आज तुम्ही माझ्याही पुढे."

सील केलेल्या डब्या बाईंनी भिंग लावून पाहिल्या. नव्या डबीचे स्क्रू नुकते रंगवलेले, रंग अखंड. जुन्या डबीच्या स्क्रूंवरचा काळा रंग मात्र खाचेत खरवडलेला, आतलं पितळ चकाकत होतं. सीलची कड एका खरवडीवर चढली होती, म्हणजे खरवड सीलच्या आधीची.

"म्हंजी उघडलीय," केरबा म्हणाले. "म्हंजी आबेदाच."

"म्हणजे फक्त उघडलीय," बाई म्हणाल्या.

आबेदा कामावर नव्हती. तिला घरी बसवलं होतं. खणभागातल्या एका खोलीत, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ती तार गुंडाळायचं रिकामं चाक फिरवत होती, सवयीनं. पाळण्यात पिवळ्या रेशमी टोपड्यातलं बाळ तिच्याकडे टक लावून पाहत होतं. वेढे मोजताना ती आकडे ओवीसारखे म्हणायची. त्यामुळे मोजणी चुकायची नाही, आणि बाळ झोपायचं. आता आकडे नव्हते, म्हणून बाळ जागं होतं.

ती रडली नाही. चिडलेली होती.

"मालकांना तारेच्या येढ्यांचा आकडा पायजे हुता, ताई. रोज इचारायचे. म्या म्हनलं, माल पास झाला की मला गुंडाळणीची मुख्य करायचं कबूल केलंय, हाताखाली पोरी द्यायचं कबूल केलंय. ते करा, मग सांगते. तवापास्नं त्यांचं त्वांड फिरलं."

"जळका ट्रान्स्फॉर्मर उघडलास तेव्हा आत कसलं रेशीम होतं?"

"कसलं रेशीम? कोळसा नुस्ता. रंग कुठला कळायला. म्या नव्याला हिच्या टोपड्याचं उरलेलं पिवळं लावलं."

"आणि पत्र्या कशा होत्या?"

आबेदानं हातानं दाखवलं. तीन दातांच्या साऱ्या पत्र्या एका बाजूनं, सरळ पट्ट्या साऱ्या दुसऱ्या बाजूनं, आणि मधे कागदाची पातळ चिठोरी. "तो कागद ठेवावाच लागतो. का ते मला ठावं न्हाई. पर काढून बघितला, तर आवाज मेला."

बाईंचे यजमान सैन्याच्या सिग्नल्समध्ये होते. लग्नानंतरची कित्येक वर्षं त्यांच्या घरातल्या जेवणाच्या पाटावर उघडी वायरलेस पडलेली असे. विजयमालाबाईंना तसला कागद ओळखीचा होता. बाळाचं टोपडं तेवढं त्यांनी सरळ केलं.

शनिवारी दस्तूर आले. टेबलाभोवती सगळे जमले, नाथाजीही आपलं मशीन घेऊन आला. आबेदा बाळाला खांद्यावर घेऊन दाराशी उभी होती. तिला खुर्ची कुणी दिली नाही, म्हणून बाईंनी आपली दिली.

"आधी नवी डबी," त्या म्हणाल्या. सील फोडलं. आत पिवळं रेशीम, आणि बाळाच्या डोक्यावर तेच पिवळं टोपडं. "दस्तूरसाहेब, हे नवं आहे. जुन्याचं आतडं इथे नाही."

मग जुनी डबी. आत विटलेलं हिरवं रेशीम, मेणाचा काळा थर, तीस वर्षांची धूळ.

"आणि हे जुनंच आहे. अदलाबदल झालेलीच नाही. लालासाहेब, रेशीम हिरवं आहे हे तुम्ही मला साताऱ्यात सांगितलंत. डबीला सील होतं. त्याआधी तीस वर्षं ती बंद होती. जळक्याचा तर कोळसा झाला होता. मग हिरवं तुम्ही पाहिलंत कुठे?"

लालासाहेबांनी रुमाल काढला. केरबांना आत्ता पहिल्यांदा काहीतरी कळल्यासारखं झालं.

"तुम्हीच उघडलीत. आबेदा आकडा सांगेना. आकडा मिळाला की तिला काढायचं आणि काम जावयाला द्यायचं. पत्र्या उपसल्या, आत पाहिलं, कळलं काहीच नाही. वेढे बाहेरून मोजता येत नाहीत, हेही कळलं नाही. मग पत्र्या मुकाट्यानं परत बसवल्यात. पण कशा बसवल्यात?"

त्यांनी डबी दस्तूरांपुढे सरकवली. पत्र्या एक इकडून, एक तिकडून, गच्च.

"वेल्डिंगच्या ट्रान्स्फॉर्मरला हे ठीक. तिथली वीज सतत उलटसुलट फिरते. या ट्रान्स्फॉर्मरमधून व्हॉल्व्हची वीज एकाच दिशेनं वाहते. फट नसली की लोखंड तिनंच भरून जातं, आवाजाला जागा उरत नाही. ती फट म्हणजे कागदाची चिठोरी. ती तुम्हाला कचरा वाटली. आयुष्यभर फट बुजवत आलेल्या हातानं हीही बुजवली. आणि आवाज मेला, तेव्हा तुम्हाला खरंच वाटलं की माल बदलला. स्वतःच्या हातून चूक होईल, हे तुमच्या डोक्यात आलंच नाही."

दस्तूर म्हणाले, "दाखवा."

आबेदानं बाळ केरबांच्या हातात दिलं. पत्र्या उपसल्या, साऱ्या एका बाजूनं लावल्या, मधे कागद ठेवला, आवळलं. मशीन तापलं आणि कर्ण्यातून सनईचा खर्ज कारखानाभर पसरला. नाथाजीनं टोपी काढली. मग नवा जोडला. दस्तूर डोळे मिटून ऐकत राहिले. दोन्हींत फरक सांगता येईना.

"मी तुम्हाला चोर पकडून द्यायला आणलं होतं," लालासाहेब कसेबसे म्हणाले.

"चोर नव्हता. मूर्ख शोधायचा असता, तर साताऱ्याहून उठायचीही गरज नव्हती."

लालासाहेब आबेदाकडे वळले. झालं गेलं विसरून उद्यापासून कामावर यायला सांगितलं, पगार वाढवतो म्हणाले, मुख्य करतो म्हणाले.

आबेदानं बाळ परत घेतलं. "डबी तुमची, तार तुमची," ती म्हणाली. "येढे माझे. ते घिऊन जाते मी."

दस्तूरांनी सिगारेटच्या पाकिटावर तिचा खणभागातला पत्ता उतरवून घेतला. पोरी शिकवून तयार करायला किती दिवस लागतील, एवढंच त्यांनी विचारलं. बोलत बोलत दोघं दाराबाहेर पडली, मागोमाग नाथाजी आपलं मशीन उचलून.

टेबलावर सुट्या पत्र्या, तार आणि कारखान्याचं गुंडाळणीचं रिकामं चाक राहिलं. लालासाहेबांनी ते जावयापुढे सरकवलं.

"आप्पासो, तुम्हाला येईल ना हे?"

आप्पासोंनी घड्याळ पाहिलं आणि जेवायची वेळ झाल्याचं सांगितलं.