दोन वेगळ्या याद्या

कोटाच्या बाह्या बोटांच्याही पुढे आल्या, तेव्हा नोरीनच्या लक्षात आलं... हा कोट आपला नाही! पण तोवर विद्यार्थ्यांना शिकवणारे डॉक्टर हॅल्वरसन वॉर्डात शिरलेसुद्धा होते.

समोरच्या इमारतीतून बर्फातून पळत येताना सगळ्याच विद्यार्थ्यांचे पांढरे कोट भिजले होते, हीटरपाशी वाळत टाकले होते. गडबडीत हाताला आला तो तिने चढवला. बाहीवर विद्यापीठाचं सोनेरी चिन्ह होतं. एम.डी. होणाऱ्यांचं, म्हणजे अमेरिकेतल्या नेहमीच्या डॉक्टरांचं.

नोरीन मॅकब्राइड डी.ओ. होणार होती, ऑस्टिओपॅथीची डॉक्टर. औषधं तीच, शस्त्रक्रिया त्याच; वर हातांनी सांधे-स्नायू मोकळे करण्याची विद्या जास्तीची. तरी क्लीव्हलंडच्या या मोठ्या हॉस्पिटलात महिनाभर शिकायला आल्यापासून तिला एकच नजर भेटत होती : तिकडे प्रवेश मिळाला नाही, म्हणून इकडे गेलेली.

आज मात्र हॅल्वरसन थेट तिच्याकडे वळले. एक प्रश्न, दुसरा, तिसरा. तिने तिन्हींची उत्तरं दिली. "छान," ते म्हणाले. रांगेच्या टोकाला एक उंच मुलगा, मनगटं उघडी टाकणाऱ्या आखूड कोटात अवघडून उभा होता. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

कँटीनमध्ये तो तिच्यासमोर येऊन बसला.

"माझा कोट तुला छान दिसतो. पण परत मिळेल का?"

"तुझ्या अंगावर माझा आहे, तो आधी उसवायचा थांबव!"

तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "दोन तास उभा होतो मी. एक प्रश्न नाही! उलट म्हणाले, 'जरा बाजूला हो, यांना दिसू दे.' मला इतका राग आला..."

"तुला राग परवडतो," नोरीन हळूच म्हणाली. "मी दाखवला, तर शिफारसपत्र जाईल."

त्याचं नाव गिडिअन शॉ. त्यालाही तिच्यासारखंच अस्थिरोगतज्ज्ञ व्हायचं होतं.

मग रोजची कॉफी सुरू झाली. एकदा तो मान धरूनच आला.

"हाडवैद्यीणबाई, काही करता येईल का?"

"पुन्हा हाडवैद्यीण म्हणालास, तर वाकडीच ठेवीन!"

पण तिने त्याला खुर्चीत बसवलं, मानेमागे बोटं टेकवली. आखडलेला स्नायू तिच्या बोटांखाली हळूहळू सैलावत गेला. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होतं...

"श्वास सोड."

"सोडला तर... तू हात काढशील."

तिने हात काढले नाहीत.

महिना संपला, ती आपल्या कॉलेजला परतली. फोन मात्र थांबले नाहीत. आणि फेब्रुवारीत प्रश्न आला याद्यांचा. कुठल्या हॉस्पिटलात पुढचं शिक्षण घ्यायचं, त्याची पसंतीयादी प्रत्येकाने भरायची. कुणाला कुठे जागा, ते मार्चमध्ये कळणार. जोडप्यांना आपल्या याद्या एकत्र जोडता येत; पण मग एकाची जागा हुकली, तर दुसऱ्याचीही हुकू शके.

"जोडू या," गिडिअन म्हणाला. "एकमेकांच्या जवळ राहू."

"तुझे प्राध्यापक काय म्हणाले?"

गिडिअन बर्फाबद्दल बोलू लागला.

"सांग ना!"

"म्हणाले... डी.ओ. मुलीबरोबर स्वतःला बांधून घेऊ नकोस. बुडशील. पण मला त्यांचं—"

"नको जोडूस." नोरीन म्हणाली. "उद्या तुझी जागा हुकली, तर तू मला आयुष्यभर काही बोलणार नाहीस, गिडिअन. आणि ते न बोललेलं मी रोज ऐकत बसेन."

याद्या वेगळ्या गेल्या.

मार्चमधल्या निकालाच्या सोमवारी दहा वाजता तिने एक डोळा मिटून संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. जागा मिळाली होती! कुठे, ते शुक्रवारी कळणार. तिने गिडिअनला फोन केला. पुन्हा केला. पाचव्यांदाही त्याने उचलला नाही, तेव्हा तिने किल्ल्या उचलल्या. तिने गाडी काढली.

तीन तासांनी त्याने दार उघडलं, ते दाढी न केलेल्या चेहऱ्याने.

"नाही मिळाली," तो म्हणाला. "आठच नावं लिहिली होती, सगळी बडी. वाटलं, माझ्या कॉलेजचं नाव पुरेल. तुला?"

"मिळाली..." गुन्हा कबूल करावा तशी ती म्हणाली.

तो विचित्र हसला. "बघ! याद्या जोडल्या असत्या, तर मीच तुला बुडवलं असतं."

रिकाम्या उरलेल्या जागांसाठी अर्ज करायला चारच दिवस होते. शुक्रवारपर्यंत ती परत गेलीच नाही. तो अर्ज भरायचा, ती टोमॅटो सूप आणि चीज सँडविच पुढे ठेवायची. थंड झालं की पुन्हा गरम करायची. बुधवारी इंडियानातल्या एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलातून फोन आला. शल्यविभागाच्या प्रमुख डॉक्टर बर्निस टॉलिव्हर स्वतः डी.ओ. होत्या.

"एम.डी. मुलांना आमच्याकडे करमत नाही, मिस्टर शॉ. हातांनी तपासता येतं, की नुसते एक्स-रे बघता?"

गिडिअनचे कान लाल झाले. त्याने नोरीनकडे पाहिलं. "कमी येतं, डॉक्टर. शिकायचंय."

गुरुवारी त्यांनी त्याला एका वर्षासाठी घेतलं; अस्थिरोगासाठी पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करायचा होता.

शुक्रवारी दुपारी नोरीनच्या कॉलेजचं सभागृह टाळ्यांनी, हुंदक्यांनी भरलं होतं. तिने इतक्या घाईने निकालाचं पाकीट उघडलं की ते वाकडंतिकडं फाटलं. मिशिगन. ग्रँड रॅपिड्स. अस्थिरोग.

"माझ्या हॉस्पिटलापासून चार तास," तिच्याबरोबर आलेला गिडिअन पुटपुटला.

"बर्फ असेल तर पाच."

"नोरीन, मला सोमवारीच सांगायचं होतं... पण जागा न मिळालेल्या माणसाने कुठल्या तोंडाने म्हणावं की माझं तुझ्यावर—"

"आधी माझं ऐक." तिने डोळे पुसले. "याद्या वेगळ्या ठेवल्या, ते तुझ्या भल्यासाठी नव्हतं. मी घाबरले होते. ते सगळे म्हणतात तशी मी खरंच कमी असेन, आणि ते तुला कळेल... याची. माझं प्रेम आहे तुझ्यावर. आणि भीती अजून गेलेली नाही."

त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"मलाही भीती वाटतेय," तो म्हणाला. "दर रविवारी येऊ ग्रँड रॅपिड्सला?"

"शनिवारी ये," नोरीन म्हणाली.