मंगळावरची उंच नदी

“आमच्या करमाडचं रान एवढं उघडंबोडकं कसं झालं? एक झाड नाय, एक विहीर नाय!”

क्रांती चौकातल्या छपाईच्या दुकानात एक उंच तरुण तनुजानं छापून घेतलेला मोठा फोटो पसरून उभा होता. तिनं तो झटकन ओढून घेतला.

“करमाड नाही हे. मंगळ आहे!”

“मंगळ...?” तो हसला. आधी डोळ्यांनी, मागून ओठांनी. “मग बरोबर. तिथं झाडं कमीच.”

त्याचं नाव ऋतुराज. ड्रोननं शेतं मोजायचा. आईवडील अजून मेंढरं राखायचे. तनुजा भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानानं काढलेल्या फोटोत तिला एक नागमोडी रेघ सापडली होती... आणि त्या रेघेनं तिची झोप उडवली होती.

“ही नदी आहे,” ती म्हणाली, “म्हणजे होती. तळातले दगडगोटे घट्ट झाले, भोवतालची मऊ माती वाऱ्यानं नेली. आता नदीच उंच उरलीय, बांधासारखी. पण आमचे सर म्हणतात, लाव्हा आहे. सलग उतार दाखव, नाहीतर संशोधन परिषदेत बोलू नकोस.”

“एकाच जागेचे दोन कोनांतून काढलेले फोटो हायेत?”

“आहेत.”

“मग उंची निघती की! मी रोज तेच करतो.” तो जरा घुटमळला. “उस्मानपुऱ्यात ऑफिस हाय माझं. चहा बी मिळंल...”

ती गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. पडद्यावर मंगळाचे कडे उभे राहत होते, आणि माउसवर दोघांची बोटं उगाचच एकमेकांना अडखळत होती.

पण उंची निघाली अन् तनुजाचा चेहरा पडला. मधेच नदी चक्क चढ चढत होती!

“संपलं,” ती पुटपुटली.

ऋतुराजनं चहा तिच्याकडे सरकवला. ती कितीतरी वेळ त्या उंचवट्याकडे बघत राहिली... आणि ताडकन उठली.

“अहो, हा चढ नदीचा नाहीच! शेजारी उल्का आदळलीय, तिचा राडारोडा वर पडलाय. तेवढा तुकडा वगळा!”

त्यानं वगळला. नदी वरपासून खालपर्यंत झुळझुळ उतरली.

परिषदेचं सभागृह गच्च भरलं होतं. एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी विचारलं, “उतारावरून लाव्हाही वाहतो. मग?”

शेवटच्या रांगेत ऋतुराज — श्वास रोखून. तिनं फोटो मोठा केला.

“ही वळणं बघा, सर. प्रवाहानं जुनं वळण सोडून जवळची वाट काढलीय. आणि शेवटी पंख्यासारखा पसरलेला हा गाळ, थरावर थर. लाव्हा असं वागत नाही. पाणी वागतं.”

पहिली टाळी वाजली ती तिच्या सरांचीच! पहिलं पारितोषिकही तिलाच मिळालं.

दारात ऋतुराज उभा होता. “जिंकलात!”

“जिंकलीस म्हण.” ती लाजली, पण नजर हलवली नाही. “फक्त एक सांगते... माझ्या पत्रिकेत कडक मंगळ आहे. आलेली स्थळं परत जातात.”

“मंगळाला काय भ्यायचं? आपण त्याची नदी उतरून आलो की, तनुजा.” त्याचा आवाज हळू झाला. “आईला म्हणलं, सून बघितली. तर ती म्हणती, तिला विचारलं का रं आधी?”

“मग विचार की! मोठ्यानं.”

भर गर्दीत, सरांच्या देखत त्यानं विचारलं. अन् तिचं ‘हो’ पार व्यासपीठापर्यंत ऐकू गेलं.