विचारपूस

मिरजेत आता कुणी कुणाला ‘तब्येत काय म्हणते?’ असं विचारत नसे. शेजाऱ्यानं विचारलं तर माणसं तोंड फिरवत आणि विमा एजंटानं विचारलं तर तो सरळ गुन्हा होता. आसपासच्या खेड्यांत म्हणे म्हाताऱ्या अजून विचारतात. त्यांना कोण अडवणार!

याला कारण झालं पूर्वनिदान. रक्ताच्या एका थेंबावरून, येत्या वर्षभरात माणसाला कोणता मोठा आजार होणार, हे जवळजवळ अचूक सांगणारी ही तपासणी. वरदानच म्हणायचं, पण ती आली आणि आरोग्य विमा कोसळला. ज्यांना काही होणार नव्हतं त्यांनी हप्ते थांबवले आणि आजारी पडणारे तेवढे मागे उरले. मग सरकारनं सुधारणा केली. विमा सर्वांना, हप्ता सर्वांना सारखा, मात्र आपलं पूर्वनिदान कुणीही जाणून घ्यायचं नाही. ज्याला ते कळलं तो ‘कळता’ ठरे आणि त्याचा विमा तिथंच संपे. रक्ताचा थेंब सगळ्यांनी द्यायचा, निकाल मात्र केंद्राबाहेर फक्त एजंटाला कळे. त्याच्या पडद्यावर ग्राहकाच्या नावापुढे खूण आणि आजाराचं नाव उमटे, म्हणजे त्यानं खाट, रक्त, औषधं आधीच राखून ठेवावीत. ग्राहकासमोर जाताना तो गळ्यात ‘ऐकणी’ घाली. पेढ्याएवढं ते यंत्र त्याचा शब्द न् शब्द टिपे. विचारपूस, शुभेच्छा, आशीर्वाद, ‘जपून राहा’, सगळ्याला बंदी.

एजंट यशोधर मगदूमच्या पडद्यावर त्या सोमवारी कलावती चौगुलेंच्या नावापुढे खूण उमटली. स्वादुपिंडाचा कर्करोग. कलावती त्याच्या वारलेल्या मित्राची बायको. स्टेशनाजवळ खानावळ चालवायची, आणि मगदूम दुपारचा तिथंच जेवायचा. तो तडक पूर्वनिदान केंद्रात डॉ. ताम्हनकरांकडे गेला.

“मॅडम, आज ऑपरेशन केलं तर ती बाई वाचेल?”

“बहुतेक वाचेल. दुखायला लागल्यावर नाही.”

“मग सांगू द्या की मला!”

“सांगा. ती कळती ठरेल. ऑपरेशन स्वतःच्या खर्चानं करावं लागेल.”

“खानावळ विकावी लागेल तिला.”

“हो.”

“हा कुठला न्याय?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “तुम्ही भिशी लावता ना? समजा, निम्म्या लोकांची चिठ्ठी कधीच निघणार नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं. ते निम्मे पैसे भरतील?”

“कशाला भरतील?”

“विम्याचंही तेच. आपलं काय होणार हे ठाऊक नसतं, म्हणून सगळे भरतात. ते न कळणं आम्ही राखतो, मगदूम. त्यावर लाखो लोकांचे उपचार होतात.”

डॉक्टरबाई खोटं बोलत नव्हत्या. त्याचाच त्याला जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी तो ऐकणी घालून जेवायला बसला. इतक्या वर्षांत त्यानं कलावतीच्या स्वयंपाकाला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. ‘वहिनी, आज आमटीनं मिठाशी भांडण केलंय काय?’ अशी त्याची बोलायची रीत, आणि तीही ‘गिळा मुकाट्यानं’ म्हणायची. आज त्याला थट्टा सुचेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो बोलला.

“आमटी झकास झालीय, वहिनी.”

कलावतीचा वाढता हात थांबला. कडू बोलून माणूस दुसऱ्याचा घात करतो असं आपण समजतो. मगदूमनं तो कौतुकानं केला. ऐकणीला त्यात काही वावगं सापडलं नाही. यंत्राला वहिनी-भाऊजींची थट्टा कुठून कळणार?

तिनं त्याच्या गळ्यातल्या ऐकणीकडे पाहिलं, मग आत भाकऱ्या थापणाऱ्या आपल्या लेकीकडे, स्वरूपाकडे.

“वहिनी, ऐका...”

“काय बी ऐकायचं नाही मला!” ती कडाडली. “ही खानावळ माझ्या पोरीची हाय. मला काय ठावं नाही, आणि करून घ्यायचं बी नाही. भात घ्या.”

आत जाऊन ती म्हणाली, “स्वरूपा, उद्यापासून फोडणी तू टाकायचीस.”

“का गं? बरं नाही का तुला?”

“असलं विचारायचं नाही, सांगून ठेवते!”

मगदूमनं भात संपवला. काही दुखत नसताना ती डॉक्टरकडे गेली असती, तर तेवढ्यावरूनच कळती ठरली असती. म्हणून ती गेली नाही. दुखण्याची वाट बघत तिनं पोरीला मसाल्याचं माप शिकवलं, वाण्याशी घासाघीस शिकवली. मगदूम रोज जेवायला येई आणि आमटीला नावं ठेवी. ती हसे. रडू दोघांनाही येई, पण सोय नव्हती.

श्रावणात तिच्या पोटात कळ उठली. दवाखान्यात खाट तयार होती, तिच्या गटाचं रक्त तयार होतं, औषधं उशाशी होती. पैसा लागला नाही. सर्जननं पोट उघडलं, पाहिलं आणि परत शिवलं.

मगदूम भेटायला गेला तेव्हा ऐकणी गळ्यात होतीच. ग्राहकासमोर ती काढता येत नसे. स्वरूपा लगबगीनं पुढं आली.

“काका, तुमच्यामुळं सगळं अगदी वेळेवर झालं. लोकांना खाट मिळत नाही हो!”

कलावतीनं डोळे मिटूनच म्हटलं, “काकांच्या पाया पड, बाळ.”

पोर वाकली. ‘औक्षवंत हो’ हे शब्द मगदूमच्या ओठांवर आले. स्वरूपाही त्याचीच ग्राहक होती. तिच्या नावापुढे कसलीही खूण नव्हती; पण चांगलं कळणं हेसुद्धा कळणंच. एवढ्या शब्दांवर ती कळती ठरली असती आणि विम्यावाचून उघडी पडली असती. त्यानं ओठ घट्ट मिटले.

सवयीनं आशीर्वादाची वाट बघत ती क्षणभर तशीच वाकून राहिली. मग तिनं मान वर करून त्याच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं, जणू आपल्या नावापुढची खूणच तिला तिथं दिसली, आणि तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.