टाचणीवरचा दुसरा पतंग

"हा माझा पतंग नाही!"

नेकेसाचा आवाज ऐकून शिपाई बरासा हातातला चहा टाकून धावत आला. नैरोबीच्या त्या संग्रहालयातल्या कीटकांच्या खणांच्या किल्ल्या त्याच्याकडे असत.

"ताई, टाचणीवर आहे की! तांदळाच्या कणीएवढा जीव, तुमचाच असणार."

"माझा मी काकामेगाच्या जंगलातल्या पानातच वाढवला होता. बाहेर पडल्या पडल्या टाचला, एक खवला झडला नव्हता. याच्या पंखांची झालर बघ, पार झिजलीय. हा दिव्यावर धरलेला आहे."

अकराला तिचं काम तपासायला परीक्षक येणार होते. पान पोखरणाऱ्या पतंगांची ही नवी जात, असा तिचा दावा होता आणि चार वर्षांत हाती लागला होता एकच. तो गेला, तर ती खोटी ठरणार होती.

तिनं भिंग टाचणीखालच्या चिठ्ठ्यांवर नेलं. वर पतंग सापडल्या जागेची, खाली तो वाढला त्या झाडाची. तिनं भिंग खाली ठेवलं.

"शनिवारी हा खण कुणी उघडला?"

"किल्ली म्वालिमूंनी, तुमच्या मास्तरांनी नेली होती. मी नुसता झाडू मारला. माझ्यावर संशय घेताय?"

"या पेटीतले दोन पतंग तुला वेगळे ओळखता येतील?"

"मला हे आणि पिसू वेगळं कळलं तरी पुष्कळ!"

"मग सुटलास."

म्वालिमू शिवेका, तिचे मास्तर, शेजारच्या खोलीत चष्मा पुसत बसले होते. नेकेसाचा पतंग वाढला त्या झाडावर एकच जात असते, हे त्यांनी तीस वर्षांपूर्वी छापलं होतं.

"तुझा डोळा चुकला, मुली. दोन्ही एकच."

"एकच, तर बदललात कशाला?"

म्वालिमूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"पतंग बदलायचा तर चिठ्ठ्या काढून पुन्हा ओवाव्या लागतात. पान पोखरणाऱ्यांचं झाड आधी बघायचं, म्हणून मी झाडाची वर ओवते. त्यावरून आपण किती भांडलोय! जागेची वर ओवणारे इथं तुम्ही एकटेच. आणि हजारोंतून नेमका असा जुळा उचलायला तुमचाच डोळा हवा. तुम्हाला फरक दिसतो, म्वालिमू. पहिल्यापासून दिसत होता."

त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. आत तिचा पतंग होता, कोराकरकरीत.

"फेकवला नाही गं," ते पुटपुटले. "माझं एवढं एकच काम लोकांच्या लक्षात आहे."

"या जातीला तुमचं नाव देणार होते मी!" तिला रडू फुटलं. चोरी तिनं एक वेळ पोटात घातली असती. पण तिचं म्हणणं खरं आहे हे ठाऊक असून चार वर्षं रोज समोर बसून त्यांनी तिला चुकीचं ठरवलं, हे तिला सोसेना.

जिन्यात पावलं वाजली.

"सांग त्यांना, पेट्या लावताना अदलाबदल झाली."

"नाही." तिनं डोळे पुसले. "दोन्ही भिंगाखाली ठेवते. जाती किती, ते तुम्हीच सांगा. माझ्यादेखत."

परीक्षक येऊन बसले. म्वालिमू बराच वेळ भिंगावरून उठेनात.

"दोन," ते शेवटी म्हणाले.

परीक्षकांनी ते लिहून घेतलं. नेकेसानं आपल्या कागदावर नव्या जातीला दिलेलं म्वालिमूंचं नाव खोडलं.