डाव्या गालावरचा उजेड

शिंपीणबाई आल्या तेव्हा मी एका लग्नाच्या फोटोतली बुरशी काढत होते. माझं कामच ते. जुने, फाटके, भिजलेले, वाळवीने खाल्लेले फोटो लोक माझ्याकडे आणतात आणि मी ते दुरुस्त करून देते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे स्वयंपाकघर, त्याच्या बाजूला आणखी एक खोली, आणि या दोहोंत दिवसभर धावणारी माझी मुलगी. तिच्या पायाला जन्मतःच भिंगरी लागलेली, म्हणून घरीदारी सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. तिचा एकही धड फोटो माझ्याकडे नव्हता, प्रत्येकात ती हललेली. फोटोवाल्या बाईच्या घरी ही तऱ्हा, म्हणून नवरा मला चिडवायचा.

शिंपीणबाई पलीकडच्या गल्लीतल्या. आमची तोंडओळख होती, एवढंच. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो काढून माझ्यापुढे ठेवला. स्टुलावर बसलेली लहान मुलगी, हात मांडीवर, पाय जुळवलेले. गळ्यापर्यंत सगळं शाबूत होतं. गळ्याच्या वर नुसता पांढरा कागद.

छप्पर गळून पाणी फ्रेममध्ये शिरलं आणि फोटो काचेला चिकटला. असा फोटो सोडवायचा नसतो, काचेसकट आणायचा असतो, पण हे लोकांना सांगणार कोण. बाईंनी तो हलक्या हाताने ओढून काढला तेव्हा चेहरा काचेवरच राहिला. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. काचेला काहीतरी घाण लागली आहे असं समजून त्यांनी ओल्या फडक्याने ती लख्ख पुसून काढली.

हे सगळं त्यांनी बाहीचं माप सांगावं तशा आवाजात सांगितलं. मुलगी तापाने गेली, हेही त्याच आवाजात. दुसरा फोटो नव्हता. भावंडं नव्हती. बाप कधीच सोडून गेलेला, त्याचे फोटो बाईंनीच जाळले होते. मी त्यांना समजावलं की एक डोळा जरी उरला असता तरी त्यावरून दुसरा करता आला असता, पण काहीच नसेल तर त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

“तिचा चेहरा मला आठवत नाही हो. काच पुसल्यापासून डोळ्यांसमोर येतच नाही. तुम्ही कुठलाही द्या. मी ओळखून घेईन.”

जाताना त्यांनी पिशवीतून फ्रॉक काढून दिला. फोटोतला रंग उडालाय, तो कळावा म्हणून आणलाय, म्हणाल्या. फिकट पिवळा, पांढऱ्या कॉलरचा, स्वतः शिवलेला. त्याला कपाटाचा वास येत होता.

आमच्या कामात चेहऱ्याहून उजेड मोठा. नाक कुणाचंही चालतं, पण उजेड एका बाजूचा आणि सावली भलत्याच बाजूची पडली की शेंबड्या पोरालाही खोटं कळतं. त्या फोटोत उजेड मुलीच्या डावीकडून येत होता, खालून, बुटक्या खिडकीतून आल्यासारखा. माझ्याजवळ लोकांच्या जुन्या फोटोंतून जमवलेले डोळे, ओठ, कपाळं ढिगाने आहेत. त्यातलं एकही त्या उजेडात बसेना. मी डोकं धरून बसले होते, तेवढ्यात भिंगरी शाळेतून आली आणि दप्तर फेकून पाणी प्यायला स्वयंपाकघरात धावली. स्वयंपाकघराची खिडकी बुटकी आहे.

मी तिला फ्रॉक घातला. कॉलरची सावली हनुवटीवर कशी पडते ते कळायला हवं होतं, म्हणून. फ्रॉक तिला बेतून शिवल्यासारखा बसला. खिडकीशी स्टूल ठेवून मी तिला बसवलं, मान थोडी वळवली आणि म्हटलं, “मी सांगेपर्यंत हलायचं नाही हं.” आणि काय आश्चर्य, ती हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. मी फोटो काढले, कॉम्प्युटरवर घेतले, आणि कामात इतकी गढले की तिला ऊठ म्हणायचं राहूनच गेलं. दिवे लावायला आत गेले तर ती तशीच बसलेली.

“अगं, उठली का नाहीस?”

“तू कुठे सांगितलंस?” ती म्हणाली.

चेहरा असा बसला की सांधा मलाही सापडेना. बाई न्यायला आल्या तेव्हा त्यांनी प्रिंट दोन्ही हातांत धरून पाहिली. रडल्या नाहीत. “हीच,” एवढंच म्हणाल्या, आणि फ्रॉक घडी करून पिशवीत घातला.

त्यानंतर भिंगरी शांत झाली. बसवाल तिथे बसायची, उठवाल तेव्हा उठायची. शाळेतल्या बाईंनी मला मुद्दाम थांबवून तिचं कौतुक केलं. नवरा वीजकेंद्रात पाळीवर जातो, दिवसा झोपतो. त्याला तर घरात शांतता म्हणजे सुखच. शेवटी कार्टी शहाणी झाली, म्हणाला. मीही हसले. मग एकदा चहा गाळताना माझ्या हातून तो तिच्या मनगटावर सांडला. उकळता चहा. तिने हात मागे घेतला नाही. चामडी लाल होताना ती बघत राहिली, दुसऱ्या कुणाचा हात बघावा तशी.

डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली, गुडघ्यावर ठोकून पाहिलं, सगळं ठीक आहे म्हणाले. डॉक्टरांना दिसलं नाही ते मला दिसलं, कारण मी दिवसभर तेच बघते. दवाखान्यात खिडकी तिच्या उजव्या हाताला होती. उजळलेला होता तो डावा गाल.

मी तिला अंगणात नेलं. ऊन डोक्यावर होतं. माझ्या नाकाची सावली ओठांवर पडत होती, तिच्या नाकाची उजव्या गालावर. मी तिला खांदा धरून गोल फिरवलं... उजेड फिरला नाही. त्याच दिवशी तिन्हीसांजेला वीज गेली. स्वयंपाकघरात अंधार झाला, भांडी दिसेनात, माझाच हात मला दिसेना. कोपऱ्यात तिचा डावा गाल तेवढा दिसत होता. दुपारच्या खिडकीचा उजेड, खालून आलेला. आणि कपाटाचा तो वास.

मला भीती वाटली, हे खरं. पण ती तेवढीच, त्या दिवसापुरती. पुढे वाटायचं ते सगळं थांबलं. दाढ काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात ना, तसं. दुखतंय हे ठाऊक असतं, फक्त ते आपल्यापर्यंत पोचत नाही.

मला हे काम शिकवलं ते मास्तरांनी. आता त्यांचे डोळे गेलेत, बोटांनी कागद चाचपून तो कुठल्या काळातला ते सांगतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

“उजेड जुळेना म्हणून जिवंत पोर बसवलंस?”

“हो.”

“त्या गेलेल्या पोरीचेच कपडे घालून?”

मास्तर बराच वेळ खुर्चीचा हात चोळत राहिले. आमच्या वेळी नुसत्या पेन्सिलीने नाकडोळे काढून द्यायचो, म्हणाले, लोक म्हणायचे काही जमलं नाही, पण कुणाचं बिघडायचंही नाही. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, “तो चेहरा काढून टाक. पांढरा कर पुन्हा. आजच जा.”

मी तशीच गेले. शिंपीणबाईंच्या खोलीत मशीनच्या तेलाचा वास होता, जमिनीवर चिंध्या. फोटो मशीनच्या वर, भिंतीला. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, प्रिंटमध्ये खोट राहिली आहे, बदलून देते. ते बोलायची वेळच आली नाही. नव्या कोऱ्या प्रिंटवर गळ्याच्या वर पांढरा कागद होता.

“एका सकाळी उठले तर नव्हती,” बाई कापड सरळ करत म्हणाल्या. “पण खरं सांगू? वाईट नाही वाटलं. कुणीतरी तिला घरी घेऊन गेलंय, असं वाटलं... वेड्यासारखं बोलते ना मी?”

“नाही,” मी म्हटलं.

मी प्रिंट मागितली. त्यांनी दिली नाही. कोरी का होईना, तिची आहे, म्हणाल्या. घरी येऊन कॉम्प्युटर उघडला, तर तिथेही गळ्याच्या वर पांढरंच. पुसायला काही उरलंच नव्हतं.

आत भिंगरी खिडकीशी बसून माझ्या ब्लाउजचं तुटलेलं बटण लावत होती. तिने आयुष्यात कधी सुई हातात धरली नव्हती. टाके बारीक, एका मापाचे. गाठ मारून तिने दातांनी दोरा तोडला, ब्लाउजची घडी केली आणि माझ्यासमोर धरली. गालावर रंग आला होता. सुई बोटाला लागू नये म्हणून जपून धरलेली; म्हणजे आता दुखलेलं कळत होतं. आणि उजेड खिडकीतून जसा यायला हवा तसाच तिच्यावर पडला होता, कुठेही चूक नव्हती. क्षणभर माझा जीव भांड्यात पडला.

“काकू,” ती म्हणाली, “आई मला न्यायला कधी येणार?”

“उद्या,” मी म्हणाले.

तिने मान डोलावली. समजूतदार मूल होतं. नवऱ्याला ती काका म्हणाली तेव्हा तो खो खो हसला, कुठून शिकून आलीस हे नाटक, म्हणाला. ती पण हसली, पाहुणं मूल हसतं तशी, तोंडावर हात धरून. रोज संध्याकाळी ती मला विचारायची आणि रोज मी तिला उद्या म्हणायचे. तिची आई पलीकडच्या गल्लीत मशीन चालवत बसलेली असायची. वारा तिकडून असला की ते मशीन ऐकूही यायचं. मी खिडकी लावून घ्यायचे. चेहरा माझा होता ना. केस, कान, मनगटावर चहाचा डाग, सगळं मी जन्माला घातलेलं. ते कुणाला आणि का देऊ? माझी मुलगी परत आली तर ती कशात येणार होती?

काल दुपारी शिंपीणबाई आल्या. फ्रेम कापडात बांधून आणली होती. मी नेमकी आतल्या खोलीच्या दारात उभी होते. दार ओढून घेतलं आणि तिथेच थांबले.

“चेहरा परत आलाय,” त्या म्हणाल्या.

त्यांनी कापड सोडलं. पिवळा फ्रॉक, मांडीवर हात, जुळवलेले पाय. वर माझी भिंगरी. डाव्या गालावर खिडकीचा उजेड. तोंड उघडं. मी तिचा फोटो घेतला तेव्हा ते मिटलेलं होतं, ओठांची कड मी स्वतः साफ केली होती. आता आतले दात दिसत होते, जीभ दिसत होती, गळ्याच्या दोन शिरा ताठ झालेल्या. बाकी अंग सांगितल्यासारखं स्तब्ध.

“आधी एवढं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “थोडं थोडं करून उघडतंय. माझी मुलगी अशी ओरडणारी नव्हती हो...”

माझ्या पाठीमागे स्टूल सरकलं. त्यांचा आवाज आत पोचला होता. पावलं आली, दाराशी थांबली. आतून कडीला हात लागला आणि दार माझ्या पाठीवर हलकंसं दाबलं गेलं.

“आत कोण आहे?” बाईंनी विचारलं.

“मुलगी आहे माझी.”

त्या दाराकडे बघत राहिल्या. नको तितका वेळ. मग त्यांनी मान खाली घातली, फ्रेम माझ्याकडे सरकवली आणि काचेवर, तोंडाच्या जागी, बोट ठेवलं.

“हे तोंड तेवढं मिटवून द्याल का? मला बघवत नाही.”

दार पुन्हा दाबलं गेलं, या वेळी जरा जोरात. मी दोन्ही टाचा जमिनीला रोवल्या. फ्रेम हातात घेतली. ती धरवेना इतकी थरथरत होती, आणि माझे हात तर अगदी स्थिर होते.

“कधीपर्यंत हवंय?” मी विचारलं.