रेवणची बारी

बंद पडलेल्या एका कोचिंग क्लासचा जुना कॉम्प्युटर मोहियोद्दीनच्या दुकानात भंगारात आला. त्याला मोठी फ्लॉपी लागते हे बघून मोहियोद्दीनचे डोळे चमकले. लातुरात क्लास उदंड, म्हणून भंगारही उदंड. पण असलं मशीन त्यानं पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

भरदुपारी त्यानं एकेक बटण ओल्या फडक्यानं पुसलं.

"अब्बा, नवरी नटवताय का?" त्याची मुलगी हुमा हसली.

त्यानं कपाटातून एक पुस्तक काढलं. शेवटच्या पानावरच्या पाकिटात फ्लॉपी होती. तेव्हा पुस्तकांबरोबर अशा फ्लॉप्या यायच्या. आवडलं तर पैसे पाठवा, मित्रांना प्रती द्या, असं पडद्यावर झळकायचं. पैसे कोण पाठवतंय! प्रती मात्र अख्ख्या लातुरानं केल्या. काय दिवस होते ते!

हे पुस्तक त्याचं आणि त्याचा मित्र, किल्लारीच्या रेवणसिद्धचं, दोघांत मिळून घेतलेलं. फ्लॉपीतल्या खेळात वरून अक्षरं पडायची. खाली आपटायच्या आत ते ते बटण दाबायचं. दोघांनी आळीपाळीनं खेळायचं. रेवण त्यात कुणाला ऐकायचा नाही.

त्र्याण्णवच्या अनंत चतुर्दशीला संध्याकाळी, ते शिकत त्या इन्स्टिट्यूटच्या एकुलत्या कॉम्प्युटरवर दोघांचा तास होता. एकट्यालाच खेळायची हाव सुटली, म्हणून मोहियोद्दीन दारातच खोटं बोलला, "मशीन बंद पडलंय रे."

"मग गावाकडं जाऊन येतो. इसर्जन हाय," रेवण म्हणाला. "चालू झालं की सांग बरं. माझी बारी हाय."

पहाटे भूकंप झाला. घराचं पांढऱ्या मातीचं जड छत, माळवद, झोपलेल्या रेवणवर कोसळलं. ते खोटं मोहियोद्दीननं बायकोलाही कधी सांगितलं नाही. सोळा वर्षं ते त्याला आतून खात होतं.

फ्लॉपी घरघरली. पडद्यावर जुनीच नावं आली. पहिला मोहिन, दुसरा रेवण.

मोहिनची बारी लगेच संपली. बोटांची सवय मोडली होती. मग रेवणचं नाव लुकलुकू लागलं. मोहियोद्दीननं हात मांडीवर घेतले.

"चालू झालं रे, रेवण," तो पुटपुटला. "त्या दिवशीही चालूच होतं. मी खोटं बोललो."

"अब्बा, कुणाशी बोलताय?"

अक्षरं पडू लागली.

एकही खाली पोचलं नाही.

टकटक, टकटक. मोहियोद्दीनचे हात मांडीवरच होते. हुमा त्याला बिलगली.

आवाज थांबला. मोहिनचं नाव लुकलुकू लागलं.

बऱ्याच वेळानं त्यानं बोट पुढं केलं. बटण कोमट होतं. बोटाला पांढरी माती लागली.