एक ठोका म्हणजे हो

ही गोष्ट रात्रीची नाही. भुतं दिवे गेल्यावरच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल पुढे जावं. हे घडलं भर दुपारी, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात. शनिवार होता. खोलीत चार धडधाकट माणसं होती. त्यातल्या दोघांनी नंतर बदली मागून घेतली.

चौघांतली एक कात्री.

कात्री माझी मामेबहीण. म्हणून मला सगळं ठाऊक. कंपनीच्या आरोग्य योजनेचं ऑडिट तिच्या हाताखाली. कुणाचा दवाखान्याचा खर्च मंजूर, कुणाचा नामंजूर, कुणाचे आईबाप योजनेत आणि कुणाचे बाहेर, हे तीच ठरवायची. कॅन्टीनमध्ये म्हणायचे, देव दोरी लांबवतो, पण कात्री वरच्या मजल्यावर बसते.

हे नाव तिच्या कानावर आलं होतं. तिला आवडलंही होतं.

लोक मेलेल्या आईबापांची नावं योजनेत ठेवतात, हा तिचा सिद्धांत. म्हणून तिने पद्धत काढली. घरी अचानक फोन जायचा. म्हातारीने किंवा म्हाताऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, "हो, मीच." आवाज आला तर कव्हर चालू.

नाही आला तर बंद.

गोदामातल्या क्रेनवाल्याची आई हॉस्पिटलमध्ये होती, तिला तिथेच असा फोन लागला. उचलला मुलाने.

"मॅडम, आईच्या घशात नळी आहे. बोलता येत नाही. ती चमच्याने वाटी वाजवते. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. विचारून तर बघा."

कात्रीने फोन स्पीकरवर टाकला. एवढी गंमत एकटीने काय ऐकायची.

"आजी, तुम्हीच का?"

...टिंग.

टेबलाटेबलांवर हशा पिकला.

"वाटी काय, कुणीही वाजवेल," कात्री म्हणाली. "वाटीला कव्हर नसतं हो. माणसाला असतं."

"डॉक्टरांचं पत्र आणून देतो, मॅडम. आत्ता निघतो."

"पत्र नको. आवाज हवा."

पलीकडे वाटी वाजतच राहिली. टिंग... थांबून पुन्हा टिंग... थांबून पुन्हा. हो. हो. हो.

कात्रीने फोन ठेवला.

कव्हर गेलं, तसं हॉस्पिटलने म्हातारीला घरी पाठवलं. घरी ती फार टिकली नाही.

क्रेनवाला तिचं योजनेचं कार्ड जमा करायला आला. भांडला नाही. तेच वाईट. भांडणाऱ्याला बाहेर काढता येतं.

"शेवटी तिला विचारलं, कुणावर राग आहे का," तो म्हणाला. "एकच ठोका दिला."

कात्रीने कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं आणि चहा मागवला.

चहा आला. कागदी कपात, आधीच साखर घातलेला. चमचा नव्हताच.

तरी टेबलावर कुठेतरी...

टिंग.

तिने शिपायाला झापलं. त्याला बिचाऱ्याला कळेना, आपण वाजवलं काय.

पुढच्याच महिन्यात मामी, म्हणजे कात्रीची आई, हॉस्पिटलमध्ये. हृदयाची झडप बदलायची होती, तीही लगेच. मामीची जीभ म्हणजे पिठाची गिरणी. एकदा पट्टा चढला की दळण संपेपर्यंत थांबणं नाही. खाटेवर पडल्यापडल्या तिने नर्सची सासू, जाऊ आणि नणंद तिघींचा निकाल लावला होता.

ऑपरेशनला कंपनीची मंजुरी हवी. मंजुरीआधी फोन. अधिकाऱ्याने आपल्या नात्यातल्या माणसाच्या प्रकरणाला हात लावायचा नाही, हा नियमही कात्रीचाच. म्हणून त्या शनिवारी दुपारी फोन लावला पोपटने, स्पीकरवर. पोपट तिचा सहायक. तिची वाक्यं तिच्याच सुरात बोलतो, म्हणून हे नाव.

"आईला बोलायचं थांबवणंच कठीण जाईल तुम्हाला," कात्री हसत म्हणाली.

फोन उचलला गेला.

"आजी, तुम्हीच का?"

काही नाही.

नुसता श्वास... नळीतून जावा तसा.

"आजी?"

कात्रीने आपल्या मोबाइलवरून नर्सला गाठलं. "आई फोनवर बोलत का नाहीये?"

"बोलतायत की. केव्हाच्या बोलतायत. वॉर्ड गोळा झालाय."

आणि मोबाइलमधून कात्रीला स्पष्ट ऐकू आलं. मामी दुसऱ्या फोनमध्ये सांगत होती, "अरे मीच. मीच बाबा. मी नाही तर कोण? ऐकू येतंय का तुला?"

एका कानात आई. समोर स्पीकर. स्पीकरवर...

टिंग.

कुणी हसलं नाही.

"पोपट, हे ऐका. माझ्या मोबाइलवर ऐका. ती बोलतेय."

पोपटने घाम पुसला. त्याच्या मनात चेष्टा नव्हती. जिभेला वळणच तसं पडलेलं.

"मोबाइल काय, कुणीही धरेल, मॅडम. आवाज इथे हवा."

"माझी आई आहे ती."

टिंग... थांबून पुन्हा टिंग.

मोबाइलमधली मामी मध्येच अडखळली. "मी..." म्हणाली.

मग तिथूनही नुसता श्वास.

पोपटने कव्हर बंद केलं. करायलाच हवं होतं. नियम होता.

कात्रीने राहता फ्लॅट गहाण टाकला आणि ऑपरेशन करून घेतलं. झडप उत्तम बसली. मामी वाचली, जेवते, चालते.

बोलत नाही.

घशाच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं. घसा निरोगी, म्हणाले. घरी आल्यावर मामीने खुणेने पहिली वस्तू मागितली ती स्टीलची वाटी. दुसरी चमचा.

त्या ठोक्यांचं कुणी तिला सांगितलं नव्हतं. कात्रीने तर नाहीच.

परवा मी भेटायला गेलो. चहा हवा का विचारलं, एक ठोका. पंखा लावू का, दोन ठोके. मामी माझ्याकडे बघतही नव्हती. कात्रीकडे बघत होती, एकटक. गिरणी बंद पडल्यावर घर एवढं मोठं वाटतं, हे मला ठाऊक नव्हतं.

निघताना दारातून ऐकलं. कात्री खाटेपाशी गुडघ्यांवर बसली होती. ऑफिसात विचारायची तोच प्रश्न, पण आवाज अगदी लहान.

"आई... तूच ना?"

टिंग.

कात्रीने सुटकेचा श्वास सोडला. मीही.

चमचा अजून हवेतच होता.

टिंग.